सिडनीत १२० तासांच्या लॉगबुकमधून सूट: भारतीय लायसन्स असेल तर काय करायचं?

सिडनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मित्रांचा मला हमखास मेसेज येतो: "तिकडे लायसन्ससाठी १२० तासांचं लॉगबुक भरावं लागतं म्हणे. आपल्यालाही लागतं का?"

थोडक्यात उत्तर: तुमच्याकडे भारतातलं कारचं पक्कं लायसन्स असेल, तर नाही. पण ही सूट नक्की कशातून मिळते हे मी नीट वाचलं नव्हतं, आणि त्यापायी माझी गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. इथे फक्त सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्सबद्दल बोलूया.

मूळ नियम काय?

पंचविशीच्या आतल्या नव्या शिकाऊ चालकाला किमान १० महिने लर्नर लायसन्स ठेवावं लागतं आणि १२० तास गाडी चालवून त्याची नोंद करावी लागते. त्यातले २० तास रात्रीचे. शेजारी पक्कं ऑस्ट्रेलियन लायसन्स असलेली व्यक्ती हवीच. नोंद छापील वहीत किंवा मान्यताप्राप्त अॅपमध्ये करता येते.

सूट कोणाला?

१. वय २५ किंवा जास्त असेल तर लॉगबुक नाही, १० महिन्यांची अटही नाही.
२. आधी दुसऱ्या देशाचं किंवा दुसऱ्या राज्याचं लायसन्स असेल तरीही लॉगबुक नाही. मात्र आपल्याकडचं लर्निंग लायसन्स यात धरत नाहीत.

यापैकी काहीच लागू नसेल, तर तास कमी करता येतात. परवानाधारक प्रशिक्षकासोबतचा १ तास ३ तास म्हणून लिहिता येतो, पण असे जास्तीत जास्त १० तास. ५० तास पूर्ण झाल्यावर 'सेफर ड्रायव्हर्स कोर्स' केला तर आणखी २० तास मिळतात. हिशोब केला तर १२० ऐवजी प्रत्यक्षात ८० तास चालवून काम होतं.

सूट मागायची कशी?

भारतीय लायसन्सवाल्यांसाठी सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या केंद्रात मूळ लायसन्स आणि ओळखीची कागदपत्रं दाखवणं हाच अर्ज समजा. भारत तिथल्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही, त्यामुळे नियमांची संगणकावरची परीक्षा आणि रस्त्यावरची ड्रायव्हिंग टेस्ट, दोन्ही द्याव्याच लागतात. लॉगबुक सुटतं, टेस्ट सुटत नाही.

हे पुढे ढकलूही नका. १ जुलै २०२३ पासून तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथे राहायला लागल्यापासून ६ महिन्यांत स्थानिक लायसन्स घ्यावं लागतं. कायम रहिवाशांना ३ महिनेच मिळतात.

माझं काय चुकलं?

मी तेव्हा २६ वर्षांचा होतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाच वर्षं गाडी चालवलेली, शिवाय तिथेही गाडी डावीकडूनच चालते. म्हटलं, टेस्टमध्ये काय अवघड असणार! टेस्ट सकाळी होती. शाळेच्या दिवशी सकाळी ८ ते ९:३० आणि दुपारी २:३० ते ४ या वेळात शाळांजवळ वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर असते. मी बोर्ड पाहिला, पण उशिरा. वेगमर्यादा ओलांडली की तिथेच नापास.

खरा धक्का पुढे होता. टेस्टमध्ये नापास झालात की परदेशी लायसन्सवर गाडी चालवायची मुभा तिथेच संपते. मी स्वतःच्या गाडीने टेस्टला गेलो होतो. परत आणायला ऑफिसातल्या सहकाऱ्याला बोलवावं लागलं.

मग लर्नर लायसन्स घेतलं. वय २५ च्या वर, म्हणजे सूट आहे, आता एकट्याने चालवू, असं मी धरून चाललो. साफ चूक! सूट फक्त तासांच्या नोंदीतून असते. शेजारी माणूस बसवण्याची अट आणि पिवळी 'एल' पाटी कोणालाच चुकत नाही. माझा रूममेट आठ वर्षं भारतात गाडी चालवत होता, पण त्याच्याकडेही भारतीय लायसन्सच. त्यामुळे तो शेजारी बसून चालणार नव्हता. तीन आठवडे ट्रेनने ऑफिस, आणि वीकेंडला प्रशिक्षक.

निघण्यापूर्वी हे करा

- लायसन्सवर 'एलएमव्ही' आहे ना, ते बघा. फक्त दुचाकीचं असेल तर कारसाठी उपयोग नाही.
- डिजिलॉकरवर विसंबू नका, मूळ कार्ड सोबत घ्या.
- लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख कार्डावर स्पष्ट नसेल, तर सारथी पोर्टलवरून 'डीएल एक्स्ट्रॅक्ट'साठी अर्ज करा. किती वर्षांचा अनुभव धरायचा आणि कोणत्या पायरीचं लायसन्स द्यायचं हे त्या तारखेवर ठरतं.
- ही कामं भारतातच उरका. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, आणि नवं सिम घातलं की तोच नंबर बंद पडलेला असतो.
- टेस्टआधी स्थानिक प्रशिक्षकाकडे दोन-तीन धडे घ्या. पैसे जातात, पण एकदा नापास झालात तर त्याहून जास्त जातात.

आणि हो, टेस्टच्या दिवशी पक्कं लायसन्सवाला मित्र सोबत न्या. पास झालात तर पार्टी द्या, नाही झालात तर गाडी तो आणेल.