सहा तासांपूर्वीची प्रत

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळजण संगणकाच्या व्यवसायात आहेत, म्हणून ३१ जानेवारी २०१७ ची ही हकीकत मला सांगावीशी वाटते. त्या रात्री गिटलॅब कंपनीच्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ उरले. बॅकअपची जागा पाहावी, तर ती रिकामी! बॅकअपचा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा; त्यामुळे बॅकअप होतच नव्हता आणि तसे कळवणारी ई-मेलही पोचत नव्हती. तारले ते चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. मला वाटते, बॅकअप घेऊन भागत नाही. तो अधूनमधून उतरवून, उघडून पाहावा लागतो.