पावसावरचा कर आणि प्रार्थनास्थळांची छपरे

पावसावर कर बसवला असे कुणी सांगितले तर आपल्याला हसू येईल. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात लोक आधी हसले, मग चिडले. त्या चिडीने २०१४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचा रंगच बदलला.

कर खरे तर पावसावर नव्हताच. छप्पर, डांबर, सिमेंट यांवर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही. रस्त्यावरचे तेल, बागांमधले खत, कुत्र्यांची घाण सोबत घेऊन ते ओढ्यांतून थेट चेसापीक उपसागरात जाते. २०१० च्या डिसेंबरात केंद्राच्या पर्यावरण संस्थेने या उपसागरातल्या प्रदूषणाला मर्यादा घालून दिल्या. खर्च कुणी करायचा, हा प्रश्न उरला. मेरीलँडच्या विधिमंडळाने २०१२ साली कायदा केला: बाल्टिमोर शहर आणि नऊ काउंट्यांनी १ जुलै २०१३ पर्यंत पावसाच्या पाण्यासाठी वेगळे शुल्क लावावे. कल्पना नवी नव्हती. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहराने १९७४ सालीच असा स्वतंत्र विभाग उभा केला होता.

मालमत्ता कर आधीच होता, मग वेगळे शुल्क कशाला? कारण तो कर किमतीवर बसतो, वाहून जाणाऱ्या पाण्यावर नाही. मोठ्या दुकानापुढचे पार्किंगचे मैदान किमतीने फार नसते, पण गटारात पाणी तेच जास्त सोडते. आणि धार्मिक संस्थांना तर हा कर माफच. शुल्काला मात्र चर्च, सिनेगॉग, मशीद सगळे सारखे. मोजायचे ते फक्त न मुरणारे क्षेत्रफळ. बाल्टिमोरने १,०५० चौरस फुटांचे एक माप ठरवले आणि घरांव्यतिरिक्तच्या मालमत्तांना मापामागे वर्षाला ६० डॉलर लावले. प्रार्थनेच्या इमारतींना मात्र १२ डॉलर. म्हणजे १०,५०० चौरस फुटांच्या छपरामागे ६०० ऐवजी १२०.

ही सवलत योग्य होती का? माझे मत विभागलेले आहे. वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या संस्थेला ६०० डॉलर जड जातात, हे कुठल्याही मशिदीच्या खजिनदाराला विचारा. पण खालच्या वस्तीत तुंबणारे पाणी कुणाच्या छपरावरून आले, हे विचारून तुंबत नाही. आपल्याकडेही मशिदीच्या अंगणातली माती जाऊन पेव्हर ब्लॉक आले, त्याचे आपल्याला कौतुकच वाटते.

प्रिन्स जॉर्जेस काउंटीतला तोडगा मला जास्त पटतो. तिथे कृष्णवर्णीय वस्ती मोठी आणि चर्चही पुष्कळ. पाद्र्यांनी तक्रार केली तेव्हा काउंटीने सरसकट माफी दिली नाही. आवारात पाणी मुरवायची कामे करू द्या, लोकांना त्याबद्दल शिकवा, मग शुल्क कमी करू, असा सौदा झाला. काही चर्चमधून पर्यावरणावर प्रवचने होऊ लागली. सरकारने शुल्काच्या बदल्यात प्रवचन मागावे का, अशी कुरबूरही झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती.

इतरत्र मात्र ‘रेन टॅक्स’ हे टोपणनाव हिशेबाच्या पुढे धावले. कॅरल काउंटीने शुल्क लावायलाच नकार दिला. फ्रेडरिक काउंटीने कायद्याची थट्टा म्हणून मालमत्तेमागे वर्षाला एक सेंट ठरवला. रिपब्लिकन उमेदवार लॅरी होगन यांनी हेच नाव प्रचारात उचलले आणि डेमोक्रॅट्सचा गड असलेल्या राज्यात ते निवडून आले. २०१५ साली सक्ती गेली. मात्र काउंट्यांनी या कामाचा पैसा कुठून आणणार हे दाखवायचे, ही अट राहिली. पाणी काही निवडणुकीने थांबत नाही.

बाल्टिमोरने आपले शुल्क चालू ठेवले. तिथल्या पाण्याच्या बिलात नळाचे पाणी, सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांचे आकार वेगवेगळे लिहून येतात.