लिनक्सच्या गाभ्यातील ‘प्रीएम्प्ट-आरटी’ : स्वीकाराचा कालनिर्णय

सप्टेंबर २०२४ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही सुधारणा लिनक्स ह्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, समाविष्ट केली, नोव्हेंबरातील ६.१२ ह्या आवृत्तीतून ती प्रसिद्ध झाली. इंगो मोल्नार यांनी तिचा आरंभ २००४ मध्ये केला होता. यावरून तिच्या स्वीकारास वीस वर्षे लागली असे सामान्यतः म्हटले जाते. हे अर्धसत्य होय.

सुधारणेचा हेतू वेग वाढविणे हा नव्हता. यंत्रमानवाच्या नियंत्रणात उत्तर सरासरीने लवकर मिळून भागत नाही. ते दर वेळी ठरलेल्या मुदतीत मिळावे लागते. त्यासाठी तातडीचे काम येताच कर्नलचे जवळजवळ सर्वच काम मध्ये थांबविता आले पाहिजे. ह्या खटाटोपातून निघालेली ‘म्यूटेक्स’ ही कुलूपव्यवस्था २००६ मध्ये, सूक्ष्म कालमापके २००७ मध्ये आणि व्यत्यय-संकेत हाताळण्याची नवी पद्धती २००९ मध्ये मुख्य कर्नलने आत्मसात केली. शेवटी ‘प्रिंट-के’ ह्या संदेश नोंदविणाऱ्या यंत्रणेचा अडसर उरला. तो २०२४ मध्ये दूर झाला.

तात्पर्य, स्वीकार एका दिवशी घडला नाही. तो अंशाअंशाने होत गेला. तथापि उरलेला भाग प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याचे कष्ट थॉमस ग्लाइक्सनर प्रभृती मोजक्यांनीच उपसले. लिनक्स फाउंडेशनचे संघटित साह्य त्यांना २०१५ मध्ये लाभले. केवळ २०२४ ही तिथी नोंदविणारा इतिहास हे श्रम अदृश्य करतो.