मेहकरची मूर्ती आणि वेशीवरचे दगड

आपल्या बुलढाणे जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठचे जुने ठाणे होय. अबुल फजलाच्या 'ऐने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत त्याची गणना आहे. तथापि ज्ञातिबांधव आज मेहकरास जातात ते शार्ङ्गधर बालाजीच्या दर्शनास. ही मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. काळ्या पाषाणाची, सुमारे ११ फूट उंचीची ती चतुर्भुज विष्णुमूर्ती असून प्रभावळीवर दशावतार कोरलेले आहेत. आशियातील सर्वांत मोठी म्हणून तिची ख्याती सांगण्यात येते. त्या वादात आम्ही पडत नाही, मूर्तीस त्या पदवीची गरजही नाही.

मेहकरकर सांगतात ती हकिकत अशी की, गोरे अंमलदार मूर्ती विलायतेस नेणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा उरकली. एकदा देव बसला म्हणजे त्यास उठविणे सरकारासही सोपे नव्हते. या हकिकतीत लोककथेचा अंश असेलही; परंतु भीती अनाठायी नव्हती. १८५३ पासून वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, पण कारभार इंग्रजांचा. शिवाय १८७८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात कायदा झाला, त्यान्वये जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती कलेक्टरास कळविणे भाग पडले.

मुंबईचा दाखला तर ताजाच होता. ज्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरी बेटास 'एलिफंटा' हे नाव दिले, तो हत्ती १८६४ साली इंग्लंडास नेण्याचा यत्न झाला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईस आणून राणीच्या बागेत ठेवले व १९१४ साली पुन्हा जोडले. त्या बागेस पुढे आपल्या सिंदखेडराजाच्या कन्येचे, जिजामातेचे नाव मिळाले, हा योग आम्हांस गोड वाटतो. मात्र ज्या बेटास त्या हत्तीने नाव दिले, तेथे तो राहिला नाही.

मेहकरच्या देवास भक्त लाभले. वेशीवरच्या वीरगळांचे काय? तो दगड वाचावयास अक्षरओळख लागत नाही. खालच्या कप्प्यात वीर लढून पडलेला, मधल्यात अप्सरा त्यास नेत आहेत, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो त्याची कीर्ती. काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची शिळा समजावी. गाढवाचे चित्र असेल तर तो गद्धेगळ. दान मोडणारास घातलेली ती शपथ होय. असे दगड पुष्कळ ठिकाणी गोठ्याच्या पायरीस लागले, धुणे आपटावयास गेले. काही शेंदूर माखून मारुती झाले, आणि अलीकडे तेलाच्या रंगाने तर त्यांचे नाकडोळेही बुजू लागले आहेत.

याहून सूक्ष्म हानी सद्भावनेने होते. कोणी उत्साही तरुण तो दगड उचलून शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात, फुलझाडांच्या वाफ्यात आणून उभा करतात. दगड वाचतो, हे खरे. परंतु तो कोणत्या पांढरीतला, कोणत्या वाटेवर, कोणत्या दिशेस तोंड करून होता, याची नोंद ठेवली नाही तर अर्धा इतिहास गेला. चाळीस वर्षे मुलांस शिकविल्यावर आम्हांस वाटते की, मुलांनी दगडाकडे जावे. दगडास मुलांकडे आणू नये. आणणे अटळच असेल तर आधी तहसीलदारास कळवावे, पंचांसमक्ष जागा मोजून लिहून ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या शिल्पांची खासगी निर्यात बंद केली आहे, हेही गावात सर्वांस ठाऊक असावे.

पुढील स्मरणिकेसाठी सभासद कुटुंबांनी आपापल्या मूळ गावच्या अशा एकेका दगडाचे टिपण पाठवावे, अशी आमची विनंती आहे. गाव, शिवार, कप्पे किती, तोंड कोणत्या दिशेस, जवळ विहीर, ओढा की देऊळ, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यास काय नावाने ओळखतात, एवढे पुरे. छायाचित्र नसले तरी चालेल.