राबाच्या आगीतले क्षार

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: शेण, कवळ, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर. १८७८च्या वनकायद्यानंतर कवळतोडीवर बंधने आली. राबाचा वाद १८८५च्या मुंबई वन आयोगापुढे गेला. झाडे वाचवायची की भात, एवढाच तो प्रश्न नव्हता. मला महत्त्वाची वाटते ती आग. खोडापेक्षा पाल्यात, डहाळ्यांत पोटॅशियम जास्त. हे क्षार उत्प्रेरक ठरतात: लाकडाचे विघटन कमी तापमानाला सुरू होते, डांबर कमी सुटते, कोळसा जास्त उरतो. लाकूड धुऊन क्षार काढले, तर नेमके उलटे होते. वर माती असल्याने भडका न उडता राब धुमसत राहतो. म्हणून कवळ मागणारा महादेव कोळी शेतकरी नुसते सरपण मागत नव्हता. उरलेल्या राखेतला पोटॅश पुढे रोपांना मिळतो, तो वेगळाच.