गॅमेक्झिनचं कूळ

भोपाळच्या इंद्रपुरीत, भेलच्या बाजूला, माझी मावशी राहते. मोरीच्या उंबऱ्याशी मुंग्यांची रांग लागली की तिची हाक येते, "गॅमेक्झिन टाक रे जरा!" डबा कुठल्याही कंपनीचा असो, आतलं औषध काहीही असो, तिच्या लेखी ती पांढरी भुकटी गॅमेक्झिनच.

या नावात ग्रीक लिपीतलं तिसरं अक्षर दडलंय, गॅमा. १८२५ साली मायकेल फॅरडेने बेन्झीन शोधलं आणि त्यावर उन्हात क्लोरीन सोडला. जे तयार झालं, ते पुढे बीएचसी, म्हणजे बेन्झीन हेक्झाक्लोराइड, म्हणून विकलं गेलं. हे नावही फसवंच. क्लोरीन जडल्यावर ते बेन्झीन उरतच नाही. शास्त्राला धरून नाव एचसीएच. त्यातल्या भावंडांपैकी गॅमा १९१२ साली व्हान डर लिंडेन या डच रसायनज्ञाने वेगळा केला. या भावंडांत अणू तितकेच, बसण्याची तऱ्हा वेगळी. किडे मारतो तो मुख्यतः गॅमा, हे १९४०च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआयला उमगलं. शुद्ध गॅमाला लिंडेन हे नाव पडलं ते त्या डच माणसावरून.

गोम इथेच आहे. कच्च्या भुकटीत गॅमा १० ते १५ टक्के, बाकी अल्फा, बीटा, डेल्टा. शुद्ध करणं महाग, म्हणून आपल्या शेतांत सगळं कुटुंबच पडलं. नाव गॅमाचं झालं आणि ठाण मांडून बसला बीटा. तो मातीत लवकर विरत नाही, चरबीत साठतो आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतो.

जुन्या भोपाळजवळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात सेविन या कीटकनाशकात लिंडेन मिसळलेलं औषधही बने. १९८४ साली तिथून गळलेला वायू हवेत पांगला. ही भावंडं जमिनीत राहिली. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने २०१०च्या अहवालात तिथल्या मातीत त्यांची नोंद केली.

भारतात कच्च्या एचसीएचवर १९९७ साली बंदी आली. २००९ साली अल्फा, बीटा आणि लिंडेन टिकाऊ विषांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलं.

परवा चष्मा लावून मावशीचा डबा वाचला. आत परमेथ्रिन. "मावशी, हे गॅमेक्झिन नाहीच."

"नसेना का. मुंग्या गेल्या ना?" असं म्हणाली आणि साबणाने दोनदा हात धुवून कणीक मळायला बसली.