स्पंजवरचा मळ

दोन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, सुटीच्या दिवशी मी फिशटँकचा फिल्टर स्वच्छ केला आणि चार दिवसांत सहा मासे मारले.

चिंचवडची वन बीएचके, शू-रॅकवर दोन फुटी टाकी. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलं की तिच्यासमोर बसायचं, एवढीच करमणूक. फिल्टरमधला स्पंज चॉकलेटी, बुळबुळीत झाला होता. नळाखाली धरून तो कोरा होईपर्यंत पिळला, सिरॅमिकच्या रिंगा गरम पाण्यातून काढल्या. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले.

मी नेमकं काय धुऊन टाकलं, हे शोधत गेलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात पोचलो.

१८५० च्या सुमारास लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या टाकीत गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि टाकी टिकली. आजच्या घरगुती अ‍ॅक्वेरियमची ही सुरुवातीची पायरी. पण माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाचं पुढे काय होतं?

त्याचा धागा सापडला सांडपाण्यात. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. सुरुवातीला काहीच घडलं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडलं. म्हणजे काम वाळूचं नव्हतंच, वाळूवर वाढलेल्या जिवांचं होतं. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि ते दोन वेगळे जिवाणू करतात, हे पुढे दाखवणाऱ्यांत रॉबर्ट वॉरिंग्टन होता. हा त्याच वॉरिंग्टनचा त्याच नावाचा मुलगा! बापाने टाकी सांभाळली, मुलाने टाकीतला अदृश्य कामगार ओळखला. १८९० मध्ये विनोग्राडस्कीने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. गोष्ट तिथेही संपली नाही. दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारा जिवाणू २०१५ मध्ये सापडला. त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच लागला.

मी जो मळ म्हणून धुतला, तो हाच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतं. स्पंजवरच्या जिवाणूंना ते तसंच मारतं. उरलेसुरले गरम पाण्याने गेले.

गंमत म्हणजे हे सगळं मी पिंपरीच्या शेजारी बसून वाचत होतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने इथे पेनिसिलीन बनवलं. जिवाणू मारणारं औषध हे या गावाच्या पहिल्या मोठ्या उद्योगांपैकी एक. 'जंतू म्हणजे शत्रू' हे आपल्या अंगात इतकं मुरलंय, की बुळबुळीत काही दिसलं की हात आपोआप नळाकडे जातो.

आता माझे नियम साधे आहेत. तारीख बघून फिल्टर उघडत नाही. पाण्याची धार मंदावली की उघडतो. बदलण्यासाठी टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच स्पंज दोन-तीनदा हलके दाबतो. तो तपकिरीच राहतो, राहू देतो. रिंगा नुसत्या विसळतो. कापूस बसला की फेकतो. कोळशाची शोषण्याची ताकद संपते, म्हणून तो दर महिन्याला नवा. स्पंज फाटला किंवा पिचला तरच बदलतो, तेही जुना आणि नवा काही आठवडे शेजारी ठेवून. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधीच साफ करत नाही. माशांना अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर त्यांना वेगळ्या भांड्यात हलवतो, कारण काही औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही सोडत नाहीत.

परवा गावाहून आई आली होती. बादलीतला स्पंज बघून म्हणाली, "अरे, नीट धू की जरा. अजून किती घाण आहे!"

"घाण नाही गं ती," म्हटलं, आणि स्पंज तसाच आत बसवला.